सिक्सचा उजवा हात

मी सिक्सची खूण करायला दोन्ही हात वर केले की आमच्या शिवारावरच्या घारी वाट बदलून माथेरानच्या बाजूला निघून जायच्या. यात थोडी भर घातलेली असेल, पण फार नाही. भात कापून, झोडून घरात आलं की आमच्याकडे क्रिकेटच्या स्पर्धा भरतात. मोकळ्या खाचरांमधले बांध फोडायचे, कडेचा बांध सीमारेषा म्हणून ठेवायचा, पाण्याने भरलेलं पिंप लोळवून खेळपट्टी दाबायची, एका कडेला मांडव, मांडवाच्या खांबाला कर्णा, आणि मैदानाच्या मधोमध पांढरी टोपी घालून मी. कुंभिवलीच्या बाजूला एका कारखान्यात मी जन्मभर पाळ्या केल्या, पण कशेळ्यापासून कळंबपर्यंत मला कोणी कारखान्यातला माणूस म्हणून ओळखत नाही. अंपायर म्हणून ओळखतात. काही जण त्याला आणखी एखादा शब्द जोडतात, तो इथे लिहीत नाही.

आमच्या खेळात एक नियम आहे, तो मी घातलेला आहे. स्कोअर लिहिणारा बसतो मांडवात, मैदानाच्या पार टोकाला. पूर्वी तो स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून लिहायचा आणि त्याच्या सासुरवाडीच्या संघाचे रन आपोआप वाढायचे. त्यावरून एकदा अशी मारामारी झाली की तिन्ही स्टंप चुलीत गेले. तेव्हा मी सांगितलं, लिहिणाऱ्याने चेंडूकडे बघायचंच नाही, फक्त अंपायरच्या हाताकडे बघायचं. दोन्ही हात टोपीच्या वर गेले तर सिक्स. नाही गेले तर नाही, मग चेंडू चंद्रावर पडला तरी चालेल. नियम सगळ्यांना पटला. आजूबाजूच्या गावांनीही उचलला. माझाच उजवा हात एक दिवस वर जायचा बंद होईल, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात असणार?

झालं असं, की जिभेच्या कडेला एक फोड आला आणि जायचं नाव घेईना. तंबाखू मी मळायचो. किती मळायचो ते डॉक्टरला सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच आयुष्यात आकडा कमी करून सांगितला. कॅन्सर निघाला. मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात जिभेचा तुकडा काढला आणि कानामागून गळ्यापर्यंत चीर देऊन मानेतल्या उजव्या बाजूच्या गाठीही काढल्या. गावाला वाटलं, आता हा गप्प बसेल. गावाची निराशा झाली. दोन-तीन अक्षरं जरा जाड यायला लागली, एवढाच काय तो फरक.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "खांद्याला जाणारी एक नस त्याच गाठींच्या मधून जाते. ती आम्ही वाचवली आहे, पण तिला बराच धक्का लागलाय. काही महिने ती काम करणार नाही."

"मग करील?"

"व्यायाम केलात तर हात वर येईल. नाही केलात तर खांदा आखडून बसेल."

"किती वर येईल?"

"ते थोडं नसेवर आणि बरंचसं तुमच्यावर."

नंतर रेडिएशनचे शेक झाले. त्या दिवसांबद्दल मी काही सांगत नाही. त्यात थाप मारण्यासारखं काही नव्हतं.

घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो तर उजवा खांदा खुंटीवरून निसटलेल्या सदऱ्यासारखा खाली आलेला. हात बाजूने वर न्यायला गेलो की खांद्याच्या अलीकडेच रेल्वेचं फाटक पडल्यासारखा थांबायचा. भांग पाडता येईना. सदरा घालताना आधी उजवी बाही चढवायची, मग डावी, नाहीतर मी सदऱ्यात अडकून पडायचो आणि बायको येऊन मला सोडवायची. पण हे सगळं मी सहन केलं असतं. सहन झालं नाही ते लोकांचं वागणं.

लोक माझ्याशी गोड वागायला लागले. सफरचंदं घेऊन यायचे, खाटेच्या कडेला बसायचे आणि मी काहीही सांगितलं की मान हलवायचे. मी सांगितलं, ऑपरेशनचा दिवा असा होता की मला डॉक्टरच्या हातातली हाडं दिसत होती. "असंल काका." मी सांगितलं, भूल दिलेली असताना मी मध्येच उठून डॉक्टरला नो-बॉल दिला आणि पुन्हा झोपलो. "असंल." एका शेजाऱ्याशी मी गेली वीस-पंचवीस वर्षं पाण्याच्या पाटावरून भांडतोय, तोसुद्धा आला आणि म्हणाला, पाट तुझाच हाय, राहू दे. थापा मारणाऱ्या माणसावर यापेक्षा वाईट वेळ येऊ शकत नाही. लोक माझं सगळं खरं मानायला लागले.

त्यात एक दिवस पुतण्या आला. गावच्या संघाचा तो कप्तान आणि स्पर्धेच्या कमिटीतही तोच.

"काका, यंदा तुमी मांडवात बसायचं. शाल, नारळ. बक्षीस तुमच्याच हातनं."

"आन मधी कोन उभं राहनार?"

"बगू कोनतरी. तुमी आराम करा."

शाल आणि नारळ देऊन मांडवात बसवलेला माणूस पुन्हा मैदानात आलेला मी पाहिलेला नाही. तो पुढच्या वर्षी बॅनरवर असतो, वरच्या कोपऱ्यात, फुलांच्या चौकटीत. मी उठून बसलो.

"हात टोपीच्या वर गेला तर?"

पुतण्या जरा घोटाळला. "तर तुमीच. नियम तुमचाच हाय."

"मग भात घरात येस्तोवर थांब. तवर नारळ फोडून खा."

कर्जतला स्टेशनाच्या पलीकडे एका दवाखान्यात फिजिओथेरपीच्या मॅडम बसतात. वयाने माझ्या मुलीएवढ्या, आवाज मुकादमाचा. कशेळ्याहून जीपने जायचो. जीपमध्ये पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून पाच जण बसवतात, तेव्हा निम्मा व्यायाम तिथेच व्हायचा. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "काका, हात बाजूने वर घ्या, जाईल तेवढा."

माझ्यासमोर जन्मभर फलंदाजांनी लबाड्या केल्या आहेत. बॅटला कड लागून चेंडू मागे गेला की खांदा चोळत बसायचे. त्यातली थोडी विद्या माझ्याकडेही आलेली आहे. मी हात उचलला, आणि तो अडला तिथे हळूच कमरेतून डावीकडे कललो. हात झक्क वर. बोटं थेट पंख्याकडे.

"बघा मॅडम. उगाच घाबरवलं डॉक्टरांनी."

मॅडमनी उभा आरसा माझ्याकडे वळवला. त्यात मी पडत्या झाडाच्या फोटोसारखा दिसत होतो.

"काका, हात वर गेलेला नाही. तुम्ही खाली गेलात."

"पंख्याला काय फरक पडतो?"

"पंख्याला नाही. खांद्याला पडतो. सरळ उभे राहा."

सरळ उभा राहिलो आणि हात पुन्हा फाटकाशी येऊन थांबला. मग त्यांनी शिकवायला सुरुवात केली. उताणं झोपून दोन्ही हातांत काठी धरायची आणि डाव्याने उजव्याला ढकलत डोक्यामागे न्यायचं. भिंतीशी उभं राहून बोटं कोळ्यासारखी वर चढवायची. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, हात हलवायच्या आधी पाठीची दोन्ही पाती मागे ओढून धरायची.

"मधे पेन्सिल धरली आहे असं समजा."

"तंबाखूची पुडी समजू का? पडणार नाही मग."

मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन्सिल समजलो.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. हाताच्या वजनाने खांदा खाली ओढला जातो, म्हणून उभं असताना, चालताना उजवा अंगठा पँटच्या खिशात अडकवून ठेवायचा. मी तसा फिरायला लागलो. आता आमच्या भागात खिशात हात घालून सावकाश चालणारा माणूस म्हणजे एकतर जमीन विकून बसलेला, नाहीतर विकत घ्यायला आलेला. कशेळ्याच्या बाजारात दोन एजंटांनी मला गाठून नदीला लागून असलेला प्लॉट दाखवला. त्यातला एक तुकडा माझ्याच मेव्हण्याचा होता. मी भाव पाडून मागितला आणि मेव्हण्याने महिनाभर अबोला धरला. मला फार बरं वाटलं. निदान एक माणूस तरी माझ्यावर चिडला.

घरी मॅडमची जागा बायकोने घेतली. तिने कोणाला न विचारता चहाच्या पावडरीची बरणी ओट्यावरून उचलून फळीवर ठेवली.

"अवो, चा पायजे तर बरनी काढा."

"डाव्या हातानं काढतो."

"डाव्या हातानं काढलेल्या पावडरीचा चा मी करीत नाय."

"तुला कसं कळनार?"

"मला सगळं कळतं."

मी फळीखाली भिंतीवर बोटं चढवायचो. बोटं दमली की खाली यायची, पुन्हा चढायची. पहिले कित्येक दिवस मी शेजारणीकडे चहा पिऊन आलो. मग ती शेजारीण फितूर झाली. एकदा कंटाळून काठीने बरणी ढोसली. ती पडली, झाकण उडालं आणि सगळी पावडर जमिनीवर. बायकोने ती सुपात गोळा केली, पाखडली आणि चहा केला. त्या आठवड्यात आमच्या चहाला अंगणाची चव होती. पाहुण्यांना मी सांगितलं की हा दार्जिलिंगचा खास प्रकार आहे. "असंल," ते म्हणाले.

हात हलायची चिन्हं दिसेनात. रोज काठी, रोज भिंत, आणि रोज तेच फाटक. खोटं कशाला सांगू, एक-दोनदा मी मनातल्या मनात शाल पांघरून पाहिली. बायकोला बोललो नाही, पण तिला कळलं असणार, कारण त्या दिवशी तिने बरणी स्वतःच काढली. आणि तेच मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सांगून बरणी परत वर ठेवून घेतली.

भात पोटरीला येऊन कणसं धरायला लागलं तेव्हा नसही जागी झाली. आधी खांद्याच्या मागे मुंग्या आल्या. साध्या मुंग्या नव्हेत, वारूळच. मग एका सकाळी काठीशिवाय, भिंतीशिवाय, हात फाटकाच्या पलीकडे गेला. अगदी थोडा. मी तिथेच ओट्याशी उभा राहून बायकोला हाक मारली. तिने आधी माझी कंबर पाहिली. मी सरळ होतो. तेव्हा तिने हात पाहिला.

"हं," ती म्हणाली, आणि बरणी आणखी वरच्या फळीवर ठेवली.

झोडणीच्या दिवसांत मला कोणी हाक मारली नाही, आणि मारली असती तरी पेंढी डोक्यावर उचलून आपटणं जमणार नव्हतं. मी खळ्याच्या कडेला उभा राहायचो. पेंढा रचून उडवी उभी राहिली की तिच्या अंगावर बोटं चढवायचो. इतकी चढवली की उडवीला भोक पडलं आणि शेजाऱ्याचं वासरू त्यातून आरपार गेलं. शेजारी म्हणाला, असंल.

भात घरात आलं आणि पुतण्या दारात उभा राहिला. मी अंगणात टोपी घालून उभा राहिलो, पाती मागे ओढली आणि दोन्ही हात उचलले. डावा बांबूसारखा सरळ. उजवा त्याच्या मागून, कोपरात वाकलेला, कानाला घासत, सावकाश वर गेला आणि बोटं टोपीच्या जरा वर येऊन थांबली. पुतण्या माझ्या मागून फिरून आला.

"काका, कललाव का?"

"नाय रं."

"टोपी जरा दाबून घाला." मी डाव्या हाताने टोपी दाबली. त्याने डोळा बारीक करून पाहिलं. "बसतंय," तो म्हणाला.

मॅडमनीही परवानगी दिली, पण प्रत्येक ओव्हरनंतर अंगठा खिशात, आणि कितीही गरज पडली तरी कलायचं नाही.

स्पर्धा सुरू झाली आणि मी मधे उभा राहिलो. आऊट डाव्या बोटाने देत होतो. सिक्सला उजवा हात डाव्याच्या मागून यायचा, बाजाराहून नवऱ्याच्या मागे चालत येणाऱ्या बाईसारखा, पण यायचा. सगळं नीट चाललं होतं आणि मला काही केल्या मजा येईना. कारण कोणी भांडत नव्हतं. रनआऊट दिला की फलंदाज मुकाट चालू पडायचा. एकदा मुद्दाम, चेंडू स्टंपांवरून जात असताना मी वाईड दिला. तो बॉलर पाच वर्षांपूर्वी माझ्या अंगावर धावून आला होता. आता म्हणाला, "बरोबर हाय काका." म्हणजे मला मैदानात उभं केलं होतं, पण शाल पांघरूनच.

फायनल आमच्या गावाची आणि कळंबच्या संघाची. त्यांचा कप्तान तिथे चिकनचं दुकान चालवतो. माझ्या कारखान्यातल्या मुसलमान दोस्ताचा मुलगा, मला लहानपणापासून ओळखणारा. शेवटची ओव्हर त्याचीच. शेवटच्या चेंडूवर आम्हाला सहा रन हवे होते आणि समोर पुतण्या. दिवसभर हात वर करून माझा खांदा दगड झाला होता. त्याने चेंडू टाकला, पुतण्याने डोळे मिटून बॅट फिरवली आणि चेंडू टप्पा न घेता बांधाच्या पलीकडे गेला. सगळ्यांनी पाहिला. मी हात उचलले. डावा गेला. उजवा कपाळापर्यंत आला आणि थांबला.

कंबर म्हणाली, कल जरासा. मी कललो नाही.

मांडवात स्कोअर लिहिणाऱ्याने पेन वरच धरलं. कर्ण्यावर कॉमेंट्री करणारा पोरगा म्हणाला, "अंपायर साहेबांचा इशारा येतोय... साहेबांनी सलाम केलेला दिसतोय."

आणि कळंबचा कप्तान धावत आला. "काका, हात टोपीच्या वर गेला नाय. सिक्स नाय."

"चेंडू बांधावरनं गेला, तू बगितलास."

"मी चेंडूकडं बगतच नाय. तुमचाच नियम हाय, हाताकडं बगायचं."

"हात आजारी हाय त्याचा," मांडवातून कोणीतरी समजुतीने म्हणालं.

"हात आजारी हाय म्हनून आमी मॅच हरायची? उद्या यांचा डोळा दुखला तर आमी बोल्ड व्हायचं?"

माझ्या आजारपणाचा शब्द एवढ्या मोठ्याने माझ्या तोंडावर कोणी काढला नव्हता. पुतण्या बॅट घेऊन पुढे आला. मी त्याला डाव्या हाताने मागे सारलं. कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझ्याशी भांडत होतं, आणि मला तहानेला गार पाणी मिळाल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात गावची जाणती मंडळी मैदानात शिरली. आमच्याकडे कुठल्याही भांडणात मधला आकडा काढतात, मग ते जमिनीचं असो की लग्नाचं. एका म्हाताऱ्याने हिशेब मांडला. "डावा हात पुरा गेला, त्याचे तीन. उजवा अर्धा गेला, त्याचा दीड. साडेचार होतात. अर्धा गावाच्या मानाचा. पाच घ्या, मॅच बरोबरीत सोडा, चषक सहा-सहा महिने वाटून घ्या." लोकांनी माना हलवल्या. कळंबचे दोघे तयारही झाले.

"पाच कंच्या शेतात उगवतात रं?" मी ओरडलो. "अंपायर मी हाय का तुमी? सिक्स हाय."

"मग हात दाखवा," कळंबचा म्हणाला.

"दाखवतो. मागं उभा राहा आन कंबर बग माझी."

तो खरंच मागे जाऊन उकिडवा बसला आणि माझ्या कमरेवर नजर लावली. मी अंगठा खिशात घालून थोडा वेळ तसाच उभा राहिलो. घाई केली असती तर खांदा वर चढला असता आणि हात खालीच राहिला असता. मग पाती मागे ओढली, पेन्सिल धरली, आणि हात सोडला. कर्ण्यावरचा पोरगा सांगत होता, "हात खांद्याला आला... खांद्याच्या वर... नाकाला आला... बायांनो, पोरं धरून ठेवा." कपाळाशी तो पुन्हा अडला. मी श्वास सोडला. तो टोपीच्या कडेला घासला, तिच्यावरून सरकला आणि बोटं वर निघाली. किती, ते विचारू नका. मला विचारलंत तर हातभर.

"काका कलले का?" पुतण्याने विचारलं.

कळंबचा कप्तान उठून गुडघे झाडत म्हणाला, "कलले नाय. पन हात उशिरा गेला."

"नियमात वेळ कुटं हाय?"

मांडवात सहाचा आकडा लिहिला गेला. मग जो गोंधळ झाला त्यात दोन्ही गावं मला जे जे बोलली, ते ऐकून माझं वजन तिथल्या तिथे वाढलं असेल.

घरी जायला निघालो तर तोच कप्तान मोटारसायकल घेऊन आला. "बसा काका, सोडतो. हात नीट धरा." आणि रस्ताभर मान मागे वळवून भांडत राहिला, की हात वर जाईपर्यंत चेंडू मेलेला होता. मी म्हणालो, मेलेला नव्हता, तो तेव्हा भीमाशंकरच्या देवळाच्या पायऱ्या उतरत होता.

"फेकू नका," तो म्हणाला. "बांधापलीकडं गवतात पडला व्हता. मीच आनला."

दारात बायको उभी होती. ती मांडवातून आधीच येऊन चुलीपाशी लागली होती. तिने त्याला ओटीवर बसवलं, पाणी दिलं, त्याची बाजू पुरती ऐकून घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बरोबर बोलतोय पोरगा. मी पन बगत व्हते ना. पयल्या वेळी नाय गेला."

आता दोघांशी भांडायचं होतं. मी टोपी काढून ठेवली, अंगठा खिशात अडकवला आणि पहिल्या ओव्हरपासून सुरुवात केली.